जहाज राखायचे म्हणजे नेमके काय राखायचे?

गंगापूर रोडवरच्या शाळांतील मुलांना जहाज म्हटले की गंगापूर धरणातल्या होड्या, नाहीतर गोदावरीत सराव करणाऱ्यांच्या लांब निमुळत्या नावा आठवतात. मुंबईची गोदी नाशिकपासून रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास. तेव्हा निवृत्त जहाजांचे पुढे काय करावे, या प्रश्नाशी नाशिकच्या शिक्षकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. आमच्या मते संबंध आहे, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे, की या एका प्रश्नात शालेय विज्ञानाचे अनेक धडे एकत्र येतात. लोखंडाचे गंजणे, विद्युतविच्छेदन, तरफ, दाब, क्षेत्रफळ व घनफळ हे सारे त्यात आहे. दुसरे कारण जवळचे आहे. ओझरच्या कारखान्यात बांधली गेलेली मिग-२१ जातीची विमाने सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाली. जुने यंत्र राखायचे म्हणजे काय करायचे, हा प्रश्न आता नाशिकच्या उंबऱ्यावर आला आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी महाराष्ट्राने आपल्या मोठ्या जहाजांचे काय केले, हे पाहून घेणे बरे.

विक्रांतची हकीकत

‘विक्रांत’ हे भारताचे पहिले विमानवाहू जहाज. तिची बांधणी १९४३ साली इंग्लंडमध्ये टाइन नदीच्या काठी ‘हर्क्युलिस’ या नावाने सुरू झाली. १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, पण महायुद्ध संपले आणि काम अर्धवट राहिले. १९५७ मध्ये भारताने हे अपुरे जहाज विकत घेतले, बेलफास्टमध्ये पूर्ण करून घेतले, आणि ४ मार्च १९६१ रोजी ते भारतीय नौदलात दाखल झाले. लांबी सुमारे २१३ मीटर, वजन सोळा हजार टनांच्या आसपास. १९७१ च्या युद्धात तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेलेले होते. त्यामुळे वेग कमी ठेवावा लागत होता. तशा अवस्थेतही तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार येथे हल्ले केले.

३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत निवृत्त झाली. तिचे संग्रहालय करायचे ठरले. २००१ पासून नौदलाने ती लोकांना दाखवायला सुरुवात केली, परंतु ती उभी होती नौदलाच्या गोदीत. तेथे रोज सर्वांना मुक्तद्वार देणे शक्य नव्हते. वर्षातून थोडा काळच लोकांना आत जाता येई. कायमचे संग्रहालय चालवायला राज्य सरकारला भागीदार मिळाला नाही. २०१२ मध्ये जहाज सुरक्षित राहिलेले नाही म्हणून तेही बंद झाले. पुढे लिलाव झाला, न्यायालयांत दाद मागून झाली, आणि २०१४ मध्ये सुमारे साठ कोटी रुपयांना विकली गेलेली विक्रांत त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून दारूखान्यात मोडली जाऊ लागली. त्यातले काही पोलाद एका मोटारसायकल कंपनीने घेतले. २०१६ मध्ये त्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकल बाजारात आली. त्याच वर्षी जानेवारीत विक्रांतच्या धातूपासून केलेले एक स्मारक मुंबईत गोदीजवळच्या चौकात उभे राहिले. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला बांधलेले नवे विमानवाहू जहाज नौदलात आले. त्याचे नावही विक्रांतच ठेवले गेले.

म्हणजे नाव राहिले आणि थोडाफार धातूही राहिला. मग गेले काय? आमचा मुद्दा या एका प्रश्नापाशी आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी जहाज का टिकत नाही, हे आधी पाहू.

गंजाचा हिशेब

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, हे मुलांना ठाऊक असते. समुद्राच्या पाण्यात ही क्रिया जलद होते, कारण एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यामुळे ते पाणी विजेचे चांगले वाहक बनते. गंजणे ही मुळात एक विद्युतघटाची क्रिया आहे. पोलादाच्या एका भागातून लोहाचे आयन पाण्यात जातात, दुसऱ्या भागावर प्राणवायू इलेक्ट्रॉन स्वीकारतो. खारे पाणी या दोन भागांमधला मार्ग सोपा करते.

उघडे पोलाद समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवले, तर दर वर्षी साधारण एक दशांश मिलिमीटर झिजते. ऐकायला हे फारच थोडे वाटते. म्हणून वर्गात पुढील गणित करून पाहावे. विक्रांतची लांबी २१३ मीटर आणि पाण्याखालची खोली सुमारे ७ मीटर धरली, तर दोन्ही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ३००० चौरस मीटर होते. तळाची रुंदी २४ मीटर धरून, पण दोन्ही टोके निमुळती असल्याने थोडे कमी करून, तळाचे क्षेत्रफळ ४००० चौरस मीटर घेऊ. एकूण झाले ७००० चौरस मीटर. त्यावरून ०.१ मिलिमीटरचा थर गेला म्हणजे ०.७ घनमीटर पोलाद गेले. पोलादाची घनता घनमीटरला सुमारे ७.८ टन. म्हणजे रंग किंवा दुसरे संरक्षण नसेल तर वर्षाला जवळजवळ साडेपाच टन पोलाद समुद्रात विरघळते. १९९७ ते २०१४ या सतरा वर्षांचा हिशेब नव्वद टनांवर जातो.

सोळा हजार टनांतून नव्वद टन गेले तर काय बिघडले, असे हुशार विद्यार्थी विचारील. तो प्रश्न योग्य आहे. उत्तर असे, की गंज सगळीकडे सारखा लागत नाही. तो खळगे पाडतो. पत्र्याचा बाकीचा भाग धडधाकट असला तरी एका खळग्याचे भोक झाले की पाणी आत येते. त्यातही पाण्याच्या रेषेजवळचा पट्टा सर्वांत दुबळा. तेथे पोलाद सतत ओले-कोरडे होते आणि प्राणवायू भरपूर मिळतो. बंदराच्या धक्क्यावर भरती-ओहोटीने पाणी चढते-उतरते. जहाज मात्र पाण्याबरोबर वर-खाली होते. त्यामुळे एकाच जागी वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या जहाजाचा तोच पट्टा सतत मार खातो.

यावर उपाय नाहीत असे नाही. जहाजाच्या तळाला जस्ताचे ठोकळे बसवतात. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने आधी तेच झिजते आणि पोलाद वाचते. रंगाचे थर देतात. पण जस्ताचे ठोकळे संपतात, रंग उडतो, तळाला शिंपले चिकटतात. मोठे काम करायचे तर काही वर्षांनी जहाज सुक्या गोदीत घ्यावेच लागते. सुकी गोदी म्हणजे दार बंद करून पाणी उपसून टाकता येते असा प्रचंड हौद. असे हौद थोडे असतात आणि तेथे चालू जहाजांची रांग असते. निवृत्त जहाजाचा नंबर साहजिकच शेवटी लागतो.

यावरून आम्हाला पहिले अनुमान काढावेसे वाटते. जहाजाचे संग्रहालय करणे हा एकदाच करायचा खर्च नसून दर वर्षी करायचा खर्च आहे. उद्घाटनासाठी पैसे उभे करणे सोपे, रंगासाठी उभे करणे अवघड. विक्रांतच्या बाबतीत सतरा वर्षे चर्चा झाली ती जागेची आणि भागीदाराची. गंज मात्र चर्चा संपण्याची वाट पाहत नव्हता.

बर्फ फोडणारी जहाजे कशी टिकली?

आता तुलनेसाठी जगातील दुसऱ्या टोकाकडे जाऊ. ध्रुवीय समुद्रांत बर्फ फोडून वाट काढणारी जहाजे असतात. भारतातून पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली ती ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या भाड्याने घेतलेल्या जहाजातून. असली जहाजे आपल्या किनाऱ्यावर पाहायला मिळत नाहीत. पण जुनी झालेली बर्फफोडी जहाजे संग्रहालय म्हणून बऱ्याच ठिकाणी टिकून आहेत, आणि ती का टिकली याचे उत्तर उद्बोधक आहे.

आधी त्यांचे काम कसे चालते ते पाहू. बर्फफोडे जहाज बर्फाला धडक मारून तो फोडते, अशी सर्वसाधारण समजूत असते. तसे नसते. त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, चमच्यासारखे तिरपे आणि गोलसर असते. जहाज पुढे जाताना ही नाळ बर्फावर चढते आणि जहाजाच्या वजनाने बर्फ खाली वाकून तुटतो. वर्गातला खडू घ्या. दोन टोकांवर दाब देऊन तो चुरडायला जड जाते, पण वाकवला की कट्कन मोडतो. बर्फाचेही तसेच आहे. दाबाला तो बराच टिकतो, वाकवण्याला टिकत नाही.

अशा जहाजाला बर्फाचे घर्षण सोसावे लागते ते मुख्यतः पाण्याच्या रेषेवर. म्हणून तेथे पोलादाचा जाड पट्टा असतो. रशियाच्या ‘लेनिन’ या अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजाचा हा पट्टा तीन ते पाच सेंटिमीटर जाडीचा होता. योगायोग पाहा. गंज जेथे सर्वाधिक मारतो, नेमकी तीच जागा बर्फासाठी म्हणून आधीच भक्कम केलेली असते. शिवाय अशी अनेक जहाजे गोड्या पाण्यात उभी आहेत. बैकल सरोवरात काम केलेले ‘अंगारा’ हे १९०० सालचे जहाज इर्कुत्स्क शहरात आहे. ‘क्रासिन’ हे जहाज सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत आहे. अमेरिकेतील ‘मॅकिनॉ’ हे १९४४ साली सेवेत आलेले जहाज २००६ मध्ये निवृत्त होऊन तेथील मोठ्या सरोवरांच्या काठी संग्रहालय झाले. यांपैकी क्रासिन आपल्या विक्रांतप्रमाणेच टाइन नदीच्या काठी बांधले गेले होते. १९२८ मध्ये उत्तर ध्रुवाकडे कोसळलेल्या ‘इटालिया’ या हवाई जहाजातील वाचलेल्या माणसांना त्यानेच सोडवून आणले.

परंतु जाड पोलाद आणि गोडे पाणी एवढ्यावर जहाज टिकत नाही. लेनिनचेच उदाहरण घेऊ. हे जहाज १९५९ मध्ये सेवेत आले व १९८९ मध्ये निवृत्त झाले. वजनाने ते विक्रांतच्या जवळपास. मुर्मान्स्कच्या खाऱ्या पाण्यातच ते उभे आहे. संग्रहालय म्हणून ते २००९ मध्ये खुले झाले, म्हणजे मध्ये वीस वर्षे गेली. विक्रांतने वाट पाहिली त्याहून तीन वर्षे अधिक. फरक असा, की त्या वीस वर्षांत आणि नंतरही त्याची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट होते. अणुशक्तीवरील जहाजांचा ताफा सांभाळणारी यंत्रणाच त्याला सांभाळत होती. क्रासिन हेही एका सरकारी संग्रहालयाची शाखा आहे. पोलाद जाड असो वा पातळ, त्याला मालक लागतो.

नॉर्वेने आणखी सोपा मार्ग काढला. नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात ज्या ‘फ्राम’ जहाजातून बर्फाबरोबर वाहत गेला, ते लाकडी जहाज बर्फात दबले की ओल्या बोटांत चिमटलेल्या चिंचोक्यासारखे वर निसटावे, असे गोल पोटाचे बांधलेले होते. ओस्लोमध्ये ते जमिनीवर आणून त्याच्याभोवती इमारतच बांधली. १९३६ पासून ते छपराखाली आहे.

आपल्याकडचे चांगले उदाहरण

भारतात हे जमत नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ‘कुरसुरा’ ही पाणबुडी डिसेंबर १९६९ मध्ये नौदलात आली, फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि ऑगस्ट २००२ मध्ये विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून खुलीही झाली. मध्ये दीड वर्ष गेले. ९१ मीटर लांबीची ही पाणबुडी पाण्यातून ओढून वाळूवर आणली आणि काँक्रीटच्या पायावर बसवली. ती चालवण्याचे काम शहराच्या विकास प्राधिकरणाकडे सोपवले. निवृत्त नौसैनिक लोकांना आतून फिरवून माहिती सांगू लागले. खाऱ्या वाऱ्याने पत्रे गंजले, तेव्हा २००७ च्या सुमारास ते बदलले गेले.

यात तीन गोष्टी नीट झाल्या. निर्णय लवकर झाला, जहाज खाऱ्या पाण्याबाहेर आले, आणि देखभाल कोणी करायची हे ठरले. कुरसुरा विक्रांतपेक्षा कितीतरी लहान होती, हे खरे. विक्रांत वाळूवर ओढणे सोपे नव्हते. पण आमच्या मते आकाराचा अडथळा दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला अडथळा मालक ठरण्याचा.

‘विराट’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ती मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गातील निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली. सप्टेंबर २०२० मध्ये विराट मुंबईहून निघाली ती गुजरातमधील अलंगला मोडण्यासाठी. मान्यतेच्या कागदावर रक्कम मोठी होती. त्या दोन वर्षांत तिला रंगाचा पहिला हात कोणी द्यायचा, हे त्या रकमेने ठरले नाही.

त्यानंतर ‘गुलदार’चा प्रकार झाला. हे जहाज १९८५ मध्ये नौदलात आले, जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे देण्यात आले. योजना अशी, की निवतीजवळ ते समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करायचे आणि प्रवाळांना वाढायला आधार मिळवून द्यायचा. सागरी जीवांना व पाणबुड्या पर्यटकांना याचा उपयोग होईल, हे आम्ही मान्य करतो. पण याला जहाजाचे जतन म्हणणे आम्हाला पटत नाही. बुडालेले जहाज गंजतच राहते, आणि शाळेची सहल तेथे जाऊ शकत नाही. खेदाची गोष्ट ही, की गुलदार हे रणगाडे उतरवण्यासाठी किनाऱ्याच्या वाळूवर नाक टेकवणारे, पुढचा दरवाजा उघडणारे जहाज होते. लांबी सुमारे ८४ मीटर, म्हणजे कुरसुरापेक्षाही कमी. किनाऱ्यावर चढण्यासाठीच बांधलेले जहाज आपण तळाला पाठवायचे ठरवले.

धातू की रचना?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विक्रांतचा धातू राहिला, मग गेले काय?

नाशिककरांना याचे उत्तर घराजवळच सापडेल. पंचवटीत आणि जुन्या नाशकात कोरीव लाकडाचे वाडे होते. कित्येक पडले. त्यांतले खांब, दरवाजे, तुळ्या विकल्या गेल्या आणि नव्या वस्त्यांतील एखाद्या बंगल्याच्या दिवाणखान्यात असा एखादा खांब शोभेला उभा दिसतो. खांब खरा आहे, लाकूडही तेच आहे. पण त्यावरून चौक कोठे होता, पावसाचे पाणी कोणीकडे जात होते, उन्हाळ्यात वाडा थंड कसा राहत होता, हे काही कळत नाही. उलट एखाद्या राहत्या वाड्याच्या चार कुजलेल्या तुळ्या बदलल्या, कौले नवी घातली, तरी तो वाडा वाडाच राहतो आणि या सर्व प्रश्नांची उत्तरे देतो.

जहाजाचे तसेच आहे. कुरसुराचे पत्रे बदलले, तरी ती कुरसुरा आहे. विक्रांतचे पोलाद वितळले, त्यातला लोहाचा एकही अणू नाहीसा झाला नाही, तरी विक्रांत संपली. कारण ज्ञान धातूत नव्हते, धातूच्या मांडणीत होते. बॉयलरपासून टर्बाइनकडे वाफ कशी जाई, विमाने खालच्या मजल्यावरून धावपट्टीवर कशी येत, आधी वाफेच्या दट्ट्याने विमान फेकणारी हीच धावपट्टी पुढे टोकाला चढ देऊन कशी बदलली, हे सारे त्या रचनेत वाचता येत होते. मोटारसायकलच्या टाकीत ते वाचता येत नाही. स्मारकाला वंदन करता येते, त्यातून विक्रांतची विमाने कशी उडत होती हे शिकता येत नाही. भावनेचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण भावनेला धातूचा तुकडा पुरतो आणि शिक्षणाला रचना लागते, हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

याच मुंबईत बांधलेली एक नौका आजही तरंगते आहे, पण ती आपल्याकडे नाही. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत सागवानाची ‘त्रिंकोमाली’ बांधली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे १९९० नंतर दहा-अकरा वर्षे खपून ती दुरुस्त केली गेली. आपल्या कारागिरांची दोनशे वर्षांपूर्वीची रचना पाहायला आज आपल्याला तेथे जावे लागते.

संग्रहालयाची परीक्षा कशी घ्यावी?

सगळीच जहाजे राखता येणार नाहीत, राखूही नयेत. शाळांना, दवाखान्यांना पैसे हवे असताना प्रत्येक निवृत्त जहाजावर कोट्यवधी घालणे योग्य ठरणार नाही. ज्याला मालक, जागा आणि वार्षिक खर्च मिळणार नाही, ते जहाज मोडून पोलाद पुन्हा वापरात आणणे अधिक प्रामाणिकपणाचे. मात्र मोडण्यापूर्वी त्याची रेखाचित्रे, छायाचित्रे, यंत्रांचे तपशील आणि शक्य तर एखादा पूर्ण यंत्रविभाग राखून ठेवता येतो. रचना राखण्याचा हाही एक मार्ग आहे, आणि तो स्वस्त आहे.

जे राखले जाते, त्याची परीक्षा मात्र कडक घ्यावी. चौकाचौकांत चौथऱ्यावर उभे केलेले रणगाडे आणि विमाने आपण पाहतो. फलकावर लांबी, रुंदी, वेग आणि उद्घाटन करणाऱ्यांचे नाव असते. विमान उडत कसे होते, हे त्या फलकावर नसते. इंजिनाचे झाकण बंद, आत पाहायला जागा नाही. लेनिनवर काचेतून अणुभट्टीचा कक्ष पाहता येतो आणि यंत्रे जेथून चालवत ती खोली पाहता येते. कुरसुरामध्ये माणसे किती अरुंद जागेत राहत होती, हे चालतानाच अंगाला जाणवते. तरीही पाणबुडी बुडते कशी आणि वर येते कशी, हे नुसते चालून कळत नाही. ते आधी वर्गात शिकवूनच मुलांना न्यायला हवे. नाहीतर सहल होते, शिक्षण होत नाही.

उद्या एखादे मिग-२१ नाशिकमधल्या एखाद्या चौकात किंवा शाळेच्या आवारात उभे राहिले, तर शिक्षकांनी चार प्रश्न विचारावेत. त्याच्या देखभालीचा वार्षिक खर्च कोण देणार? उन्हापावसापासून आडोसा आहे का? आतली रचना दिसेल अशी एखादी बाजू उघडी ठेवली आहे का? आणि ते बांधणारे किंवा सांभाळणारे कोणी, ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ, मुलांशी बोलायला येतील का? चारही उत्तरे ‘नाही’ असतील, तर तेथे उभा आहे तो पत्रा, विमान नव्हे.

वर्गात करून पाहण्यासाठी

चार काचेचे ग्लास घ्या. पहिल्या ग्लासात नळाचे पाणी व त्यात पूर्ण बुडालेला स्वच्छ खिळा. नाशिकच्या मुलांनी हे गंगापूर धरणाचे पाणी असल्याची नोंद जरूर करावी. दुसऱ्या ग्लासात लिटरला ३५ ग्रॅम या प्रमाणात मीठ घातलेले पाणी व पूर्ण बुडालेला खिळा. तिसऱ्यात तेच मिठाचे पाणी, पण खिळा अर्धा बाहेर राहील असा दोऱ्याने टांगलेला. चौथ्यातही मिठाचे पाणी आणि पूर्ण बुडालेला खिळा, पण खिळ्याला जस्ताची एक पट्टी घट्ट गुंडाळलेली. खिळे चारही सारखे आणि मुलामा नसलेले असावेत. सुरुवातीला प्रत्येकावर पॉलिश कागद फिरवावा. दोन आठवडे रोज एकाच वेळी निरीक्षण करून नोंद ठेवावी.

तिसऱ्या खिळ्यावर गंज कोठे जास्त दिसतो, ते नीट पाहा. चौथ्या ग्लासात खिळा आणि पट्टी यांपैकी कोण झिजते, तेही पाहा. मग मुलांना विक्रांतचे साडेपाच टनांचे गणित द्या. शेवटी एक प्रश्न विचारा: या ग्लासांतला खिळा पन्नास वर्षे टिकवायचा असेल, तर रोज त्याच्याकडे कोण पाहणार? उत्तर एखाद्या मुलाच्या नावाने यायला हवे. ‘शाळा पाहील’ असे उत्तर आले, तर खिळा टिकणार नाही.